येसूदादा आणि सांतानबायची बाव

येसूदादा धुरींना नुसतं 'लाल' म्हटलेलं चालत नसे. तुम्ही लाल म्हणालात की ते हातातलं काम थांबवून विचारायचे, "खंयचो लाल?" आणि तुम्हाला उत्तर सुचायच्या आत स्वतःच सांगायचे, की हा जास्वंदीचा नव्हे, कोलंबी शिजली की होतो तो. निळ्यात तर मुंबईच्या गिरणीतली माणसं मिसळलेली असायची. "ह्यो शेखमास्तराचो निळो," ते म्हणत. शेखमास्तर म्हणजे गिरणीच्या रंगखात्यातले त्यांचे वरिष्ठ. त्यांना एकदा एक निळा असा साधला होता म्हणे, की पुन्हा कुणाला साधला नाही. त्यांना स्वतःलासुद्धा नाही.

मी कराडकडची. तोंडवलीच्या अलीकडच्या एका गावात हायस्कूलवर विज्ञान शिकवायला आले आणि पहिल्याच भेटीत या माणसाने माझ्या साडीची अब्रू काढली. रस्त्यात थांबून म्हणाले, "बाई, रागावू नकात. पण ह्यां लुगडां दोन घाण्यांतला आसा. पदर एका घाण्याचो, अंग दुसऱ्याचां. दुकानदारान फसवल्यान तुमका." ओळख ना देख. मी फणकाऱ्याने म्हटलं, मला तर एकच दिसतोय. घरी येऊन खिडकीत साडी पसरली आणि बघते तर पदर अंगापेक्षा किंचित पिवळसर. माणूस बरोबर निघाला याचाच मला जास्त राग आला.

पन्नाशी उलटलेले, काटकुळे, अर्धी चड्डी आणि बंडी. सोळाव्या वर्षी मुंबईला गेले, तीस-पस्तीस वर्षं रंगखात्यात काढली आणि गिरण्या बंद पडल्या तेव्हा एक ट्रंक घेऊन परत आले. बायको आधीच गेलेली, मुलगी बांद्याला दिलेली. गावात काथ्याची सोसायटी होती. चौदा बायका एका शेडमध्ये बसून पायपुसणी विणायच्या. नुसत्या तपकिरी पुसण्यांना गिऱ्हाईक नव्हतं, माल पडून असायचा. येसूदादांनी ते बघितलं, मुंबईहून मॅजेंटा आणि हिरव्या रंगाच्या पुड्या मागवल्या, एक मोठा हंडा चुलीवर चढवला आणि काथ्या रंगवायला घेतला. वर्षभरात माल गोव्यापर्यंत जायला लागला. बायकांच्या हाताला बाराही महिने काम आलं.

त्यांच्या उजव्या हाताची नखं कायम हिरवी आणि डाव्या हाताची मॅजेंटा. "देवाक हात जोडलंय काय देव वळाखता, येसो इलो म्हणान," असं ते सांगायचे. बोलायला मोकळे, पण कामात भलते कडक. शेवंती म्हणून त्या बायकांची पुढारीण होती, तिने एकदा सहज विचारलं, दादा, उरलेला रंग असा ओतून टाकता, फुकट नाही का जात? त्यावर म्हणाले, "रंग फुकट जाणा नाय गो. खंय तरी बसताच."

कुठे बसतो ते आम्हाला दुसऱ्या वर्षीच्या चैत्रात कळलं.

शेडच्या मागे एक खड्डा होता. हंड्यातलं उरलेलं रंगीत पाणी त्यात जायचं आणि वाळूत जिरायचं. जिरलं म्हणजे संपलं असंच सगळ्यांना वाटायचं, मलाही. कुंपणापलीकडे सांतानबाय फर्नांडिसची बाव, म्हणजे विहीर. सांतानबाय विधवा, पावाची भट्टी एकटीच्या हिमतीवर चालवायची. बोलायला तुटक आणि चेहऱ्यावर कधी हसू म्हणून नाही, पण पाव असा की आसपासच्या तीन वाड्या तिच्याकडून न्यायच्या. ती पहाटे अंधारातच पीठ मळायची, त्यामुळे पाणी कसं आहे ते तिला दिसलं नाही. उजाडल्यावर पहिला पाव मोडला तर आतून गुलाबी.

ती त्या दिवशी शेडवर आली तेव्हा मी तिथेच होते. पुसणी घ्यायला गेले होते. सांतानबायने टोपली येसूदादांच्या पुढ्यात ठेवली, एक पाव उचलून मोडला आणि अर्धा त्यांच्या हातात दिला. म्हणाली, "खा."

येसूदादांनी पाव एकदा बघितला आणि खाल्ला. सगळा अर्धा पाव, एकेक घास चावून. मला वाटलं, आता ही बाई आकाशपाताळ एक करणार. तिने तसं काही केलं नाही. बायकांकडे बघून एवढंच म्हणाली, "तुमच्या पोटार पाय देऊक मी इलंय नाय. पण माझी बाव माका व्हयी." आणि टोपली उचलून निघून गेली. तिला लोकांनी किती सांगितलं पंचायतीत जा म्हणून. ती गेली नाही. त्या चौदा बायका सकाळचा पाव तिच्याकडूनच न्यायच्या ना, कुणाविरुद्ध जायचं तिने?

पंचायत मात्र आपणहून आली. गुलाबी पावाची बातमी काय लपते? सरपंचांनी सांगितलं, पाण्याचा बंदोबस्त होईपर्यंत रंगकाम बंद. येसूदादांनी त्याच्या आदल्या दिवशीच हंडा पालथा घातला होता. रंग बंद म्हणजे विणकामही हळूहळू बंद, कारण तपकिरी पुसणी घेतो कोण. शेवंती आणि तिच्या बायका घरी बसल्या. सांतानबाय देवळापलीकडच्या विहिरीवरून डोक्यावरून पाणी आणू लागली. आणि येसूदादा या दोघींच्या मधे सापडले. त्यांनी सरपंचांकडून पाऊस लागेपर्यंतची मुदत मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी माझ्या प्रयोगशाळेच्या दारात उभे.

"बाई, सगळो जन्म रंग पाण्यातसून कपड्यात घातलंय. आता पाण्यातसून काढूक व्हयो. तां कसां करतत?"

मी त्यांना पुस्तकातलं सांगितलं. कोळसा वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, कोळसा किती लागेल, आणि रंग धरलेला कोळसा मग टाकायचा कुठे? विज्ञानाच्या बाईला असे प्रश्न विचारू नयेत. ते म्हणाले, शेडमध्ये काथ्याचा भुसा ढिगाने पडलाय, त्यालाच रंग धरायला लावू. धरत होता तो, पण थोडासाच. मग गिरणीतली युक्ती काढली. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात काथ्या भिजवून धुतला. "सोड्यातसून काढलो काय धागो उघडता," ते म्हणाले. थोडा जास्त रंग धरला. तरीही पाणी गुलाबीच. आठ-दहा दिवस नुसती बादल्यांची रांग. दर बादलीशी थांबून ते मला किंवा शेवंतीला विचारायचे, "कसो दिसता?" मला वाटायचं, काय नम्र माणूस आहे, एवढा जाणता असून दुसऱ्याला विचारतो.

पुढचं घडलं ते शेवंतीच्या फडक्यामुळे. चुलीवरून भांडी उतरवायचं सुती फडकं. आमसुलांचे दिवस असल्यामुळे तिने ते आगळात, कोकमाच्या आंबट रसात, बरबटवलेलं होतं आणि गरम भांडी धरून धरून त्याचा एक कोपरा पार करपलेला. ते हिरव्या रंगाच्या पाण्याच्या बादलीत पडलं. तिने शिव्या घालत बाहेर काढलं, खळखळून धुतलं आणि वाळत टाकलं. येसूदादा तिथून चालले होते ते थबकलेच. फडकं हातात घेऊन खिडकीपाशी नेलं, डोळ्याला लावलं म्हणा ना इतकं जवळ धरलं.

"शेवंती, ह्यां सुती आसा मा?"

"सुती नाय तर काय रेशमी? मी भांडी रेशमान उतरवतंय?"

"अगो, सुती कापडार ह्यो रंग बसणाच नाय. धुतलो काय जाता. तीस वर्सां बघलंय मी." आणि मला बोलावून विचारलं, "बाई, ह्यो कोपरो कसो दिसता?"

करपलेला कोपरा गर्द हिरवा होता. बाकीचं फडकं पांढुरकं.

कारण मी नंतर पुस्तकात शोधून त्यांना सांगितलं, नववीच्या मुलांना सांगावं तसं. रतांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या, आंबटात आम्ल असतं. ते धाग्यावर नुसतं लावलं तर धुऊन जातं. पण चांगलं भाजलं की ते धाग्याला जडतं आणि धाग्याला जणू बारीक हात फुटतात. तुमचे हे मॅजेंटा आणि हिरवे रंग त्या हातांना चिकटतात. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "म्हंजे आगळ आणि भट्टी." सोड्याने उघडलेला काथ्या त्यांनी रतांब्याच्या रसात बुडवला आणि उन्हात घातला, परत बुडवला, परत उन्हात. आमसुलांना पुटं देतात अगदी तशी पुटं. बायकाच त्या, त्यांना शिकवावं काही लागलंच नाही. उरली भट्टी. तेवढी धगधगीत पण न जाळणारी भट्टी गावात एकच होती.

मी बरोबर जायला नको म्हणत होते, पण गेले. येसूदादा सांतानबायच्या दारात उभे राहिले आणि काय हवंय ते सांगितलं. ती ऐकत राहिली.

"बाव घालवलंस," ती म्हणाली. "आता भट्टी व्हयी?"

"पाव काढून झाल्यार, उरलेल्या धगार. लाकूड माझा."

"आणि माझ्या पावाक काथ्याचो वास इलो तर?"

"मगे तोय पाव मीच खातलंय."

मला तिथे हसू आलं आणि मी पदर तोंडाला लावला. सांतानबाय हसली नाही. पण बाजूला झाली आणि भट्टीची झाकणी उघडून दाखवली. तेव्हापासून रोज सकाळचे पाव निघाले की मागून काथ्याच्या थाळ्या आत जायच्या. तिथे बसून किती वेळ ठेवायचं ते तीच ठरवायची. हात भट्टीच्या तोंडाशी धरून म्हणायची, "आता घाल," "आता काढ." थर्मामीटर मी आणून दिला होता, तो दोघांनीही बघितला नाही.

बादलीत ते काम झालं. मॅजेंटाचं पाणी त्या काथ्यातून हळूहळू सोडलं की खाली तांब्यात जवळजवळ निवळ उतरायचं. मी स्वतः बघितलं आणि मला इतका आनंद झाला की संध्याकाळी मी एकटीसाठी शिरा केला. मग ठरलं, सरपंचांना बोलवायचं आणि मोठ्या टाकीवर दाखवायचं.

त्या दिवशी सगळं गाव जमलं. चौदा बायका नीटनेटक्या साड्या नेसून आलेल्या. येसूदादा धुतलेल्या बंडीत. टाकीत हंडाभर रंगाचं पाणी, त्याखाली काथ्याचा थर, खाली तोटी. तोटी सोडण्याआधी त्यांनी शेवंतीला खूण केली आणि तिने आणून दिलेलं पायलीभर मीठ टाकीत ओतलं. कोणाला काही वाटलं नाही. मलाही नाही, आणि हे मी आजही स्वतःला माफ करत नाही. मी विज्ञानाची शिक्षिका, समोर उभी होते.

तोटी सोडली आणि गुलाबी पाणी आलं. चांगलं दणदणीत गुलाबी. सरपंचांनी जरा वेळ वाट बघितली, मग घड्याळ बघितलं. "येसूदादा, प्रयत्न चांगला आहे," असं ऑफिसातलं मराठी बोलून ते निघाले. लोक पांगले. बायका तेवढ्या थांबल्या. येसूदादा टाकीचा काठ धरून उभे. माझा जीव कळवळला.

सांतानबाय कुंपणापाशी उभी राहून सगळं बघत होती. ती आली आणि टाकीत बोट बुडवून जिभेला लावलं.

"मीठ कित्याक घातलंस?"

"रंग बसूक," येसूदादा म्हणाले. "मीठ घातल्याबिगर कापडार रंग बसता? गिरणीत पोत्यान घालू."

"येसू, तू रतांब्याच्या मुलखातलो मा रे?" ती म्हणाली. "रतांब्याचो रस काढूक आमी काय घालतो?"

शेवंतीने कपाळाला हात लावला. मीठ. रतांब्याची सालं मिठात घातली की लाल रस सुटून खाली येतो. आगळ तसाच होतो, या मुलखातलं शेंबडं पोरही सांगेल. गिरणीतला रंग वेगळा, तो मिठाने सुतावर बसायचा. हा रंग वेगळा, इथे मीठच जाऊन त्या बारीक हातांना धरून बसलं आणि रंगाला जागा उरली नाही. रतांब्याचं कारण निराळं आहे हे मला माहीत होतं, पण बाईचं म्हणणं खरं होतं. गावात मुरलेलं ज्ञान पस्तीस वर्षं मुंबईत राहून येसूदादा विसरले आणि मी ते कधी शिकलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी बिनमिठाचं पाणी सोडलं. निवळ आलं. सरपंचांना पुन्हा बोलावलं, आले बिचारे. पाऊस लागायच्या आत शेड सुरू झाली. रंग धरून तट्ट झालेला काथ्या टाकायचा कुठे, हा प्रश्नही येसूदादांनीच सोडवला. तोच पुसण्यांत विणला. आधीच रंगलेला होता, परत रंगवायचा कशाला. मागचा खड्डा बुजवून टाकला.

पण बाव काही लगेच सुधारली नाही. वाळूत जिरलेला रंग पावसाबरोबर झिरपतच होता. येसूदादा दर रविवारी, सांतानबाय चर्चातल्या मिसाहून आली की, बावीवर जायचे. स्वतः कळशी ओढायचे, काचेच्या पेल्यात पाणी घ्यायचे आणि तिच्यासमोर धरायचे. ती उन्हात पेला धरून बघायची आणि म्हणायची, "आसा." म्हणजे रंग आहे अजून. ते पाणी माडाच्या मुळाशी ओतायचे आणि घरी जायचे. आठवड्यामागून आठवडे हेच. "आसा." "आसा." "थोडो आसा."

याच काळात मला ते कळलं. शाळेत मी त्यांच्यासमोर दोन परीक्षानळ्या धरल्या, एकीत साधं पाणी, दुसरीत मॅजेंटाचा एक थेंब टाकलेलं. विचारलं, ओळखा बघू. ते दोन्ही नळ्यांकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "बाई, दोनय सारखीच दिसतत." माझ्या साडीचे दोन घाणे रस्त्यातून ओळखणारा माणूस. मोतीबिंदू. दोन वर्षांत वाढत गेलेला. म्हणून तो "कसो दिसता" चालला होता, आणि मी मेली त्याला नम्रता समजत होते. कुडाळला डॉक्टर आहेत, ऑपरेशन होतं, असं मी खूप सांगितलं. ते म्हणाले, ऑपरेशनाला गेलो तर सगळ्यांना कळेल, आणि आंधळ्याच्या हातात रंग कोण देईल? मग माझा हात धरून म्हणाले, "शेवंतीक सांगू नकात. आणि सांतानाक तर नकोच." मी वचन दिलं. ते कसंबसं पाळलं.

त्यांना सगळ्यात टोचत होतं ते हेच. आपण घाण केलेली बाव निवळली की नाही हे त्यांना आता स्वतःच्या डोळ्यांनी कधीच कळणार नव्हतं.

त्याच्या पुढच्या वर्षी दिवाळीनंतर माझी बदली झाली. जायच्या दिवशी वाटेसाठी पाव घ्यावेत म्हणून सांतानबायकडे गेले. रविवारच होता. येसूदादा बावीवर होते. नुकतीच कळशी वर आली होती आणि पेला त्यांनी तिच्यासमोर धरलेला. तिने पेला घेतला आणि उन्हात धरला. एरवीपेक्षा जास्त वेळ धरला. मग काही न बोलता तिने पेला त्यांच्या हातात परत दिला, कळशी कंबरेवर घेतली आणि आत गेली. आम्ही दोघं मागोमाग दारापर्यंत गेलो. आत मोठ्या परातीत पीठ काढून ठेवलेलं होतं. तिने कळशी वाकवून पाणी पिठात घातलं आणि मळायला बसली.

येसूदादांना पाण्याचा आवाज आला असावा. त्यांनी चौकटीला हात लावला.

"काय करतंस गो?"

"पीठ मळतंय."

"बावीच्या पाण्यात?"

"मगे?"

पेला अजून त्यांच्या हातातच होता. मग म्हणाले, आणि हे बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, "सांतान, तू नीट बघलंस मा? माका दिसणा नाय गो. माका कायच दिसणा नाय पाण्यातला."

तिने मान वर केली नाही. हात पिठातच होते.

"म्हायत आसा माका," ती म्हणाली. "गेल्या पावसापासून म्हायत आसा. म्हणानच एकदाय खोटां सांगूक नाय तुका."

येसूदादा तिथेच उंबऱ्यावर बसले आणि त्यांनी पेल्यातलं पाणी पिऊन टाकलं. मला कसालची एसटी गाठायची होती. मी पाव न घेताच निघाले, कारण ते भाजून व्हायला अजून वेळ होता.